उलटून पाहिलेली फळी

आमच्याकडं थंडी आधी टाचांना कळते. माणसं अजून उघड्या डोक्यानं हिंडत असतात, तुरीच्या शेंगा नुसत्या भरत आलेल्या असतात, आणि एका सकाळी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला की टाच खरखरीत लागते. मी शिवणकाम करते, दिवसभर पाय त्या लोखंडावर असतो, म्हणून हे मला घरात सगळ्यांच्या आधी समजतं. मग मी नडगीवर नखानं एक रेघ ओढून बघते. रेघ पांढरी उमटली की समजायचं, आली थंडी. करडीच्या तेलाची बाटली कोनाड्यातून खाली काढायची.

यंदा ती रेघ उमटली त्याच आठवड्यात आशूचा फोन आला की तिला बर्फावर पाठवलंय. आशू म्हणजे माझी लेक, अश्विनी. सीमेवरच्या दलात आहे. आमच्या साखरा गावाच्या बाजूला पोरी नर्स होतात, मास्तरीण होतात, ही बंदूक घ्यायला गेली. फोनवर म्हणाली, "माय, मला फळ्या मिळाल्या." आवाज कसा, नवी सायकल मिळाल्यासारखा. मी म्हटलं, बरं झालं. आमचे हे तेव्हा अंगणात कोकरांच्या वाडग्याला काट्या लावून राहिले होते. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा काट्या लावू लागले. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज बराबर होता का तिचा?"

फळ्या म्हणजे बर्फावरून घसरत जायला पायाला बांधतात त्या. लोक स्की म्हणतात. आमच्या घरात पहिल्यापासून फळ्याच म्हणतात, कारण सासूबाईंना तो दुसरा शब्द कधी बोलताच आला नाही. माणसाच्या उंचीएवढी लांब, तळहाताएवढी रुंद, पुढं वर वळलेली. वरची बाजू रंगीत, नक्षीची. खालचं बूड काळं. सगळे बघतात ती वरची बाजू. काम करतं ते बूड.

हे मला कसं माहीत, तर मी एक अख्खा हिवाळा त्या बुडांच्या संगतीत काढलाय.

आशू तेव्हा मांडीवरची होती. हे फौजेत होते आणि त्या वर्षी बर्फावर चालायच्या शिक्षणाला यांची निवड झाली. वरच्या छावणीत बायकोला नेता येत नव्हतं, पण खालच्या गावात खोली भाड्यानं घेऊन राहिलं तर कुणी अडवत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, जा, नाहीतर तिकडं तो उपाशी मरंल. म्हणून मी गेले. एका हातात लेकरू, एका हातात ज्वारीच्या पिठाचं गठुडं, आणि पिशवीत आईनं दिलेली करडीच्या तेलाची बाटली. पुरणा नदीचा पूर सोडला तर मोठं असं काही मी तोवर बघितलेलं नव्हतं. तिथं सकाळी दार उघडलं तर जगच नाही. सगळीकडं पांढरं. आवाजसुद्धा नाही. आमच्या गावात कोंबडं, मेंढरं, गिरणी, कुणाचं तरी भांडण, काहीतरी कानावर असतंच. तिथं बर्फ पडताना इतकं गप्प व्हायचं की मला वाटायचं, माझे कान गेले.

खोलीच्या खाली एक दुकान होतं. नेगीजींचं. हेच आमचे घरमालक. पर्यटकांना फळ्या भाड्यानं द्यायचे. त्यांच्या दुकानात शेगडी होती आणि माझ्या खोलीत नव्हती, एवढ्या एका कारणानं मी तिथं जाऊन बसायला लागले. आशूला घोंगडीत गुंडाळून फळ्यांच्या ढिगामागं झोपवायचं आणि आपण शेगडीशी. नेगीजींनी दोन दिवस तसंच बसू दिलं. मग म्हणाले, "बैठी हो तो इस्तरी पकड़ो बेटी." इस्तरी म्हटल्यावर मी उठलेच. माहेरी असल्यापासून शिवण शिकलेली मी, इस्तरी म्हणजे घरचं काम.

पण तिथं इस्तरी कपड्यावर नव्हती. फळी उलटी करून दोन लाकडांवर ठेवायची. मेणाची वडी तापल्या इस्तरीला टेकवायची, मेण बुडावर टिपकायचं, मग त्यावरून इस्तरी फिरवायची. थांबायचं नाही. टेरिकॉटवर इस्तरी थांबली की कापड जातं, तसंच तिथं बूड जळतं. हे मला सांगावं लागलं नाही. त्या मेणाचा वास अजून मला येतो. लाइट गेल्यावर लावलेली मेणबत्ती विझली की येतो तसा, पण त्यात थोडं रॉकेल मिसळल्यासारखा.

मग मेण गार झालं की सगळं खरवडून काढायचं. हे मला कितीतरी दिवस पटेना. एवढं मेहनतीनं लावायचं आणि काढून टाकायचं, मग लावलंच काहून? मी तोंडावर तसं विचारलं. नेगीजी हसले नाहीत. म्हणाले, "जो ऊपर रह गया वो मैल पकड़ेगा. जो अंदर गया वही काम का." पुढं कधीतरी संसारात मला हे वाक्य फार उपयोगी पडलं, पण ते जाऊ द्या.

फळीला मेण कधी लागतं ते ओळखायला त्यांनी शिकवलं ते असं. भरलेलं बूड काळंभोर असतं, जरा ओलसर दिसतं. सुकायला लागलं की आधी कडेनं पांढरं पडतं, कारण पोलादी कडेपाशी बर्फ जास्त घासतो. मग करडेपणा आत सरकतो. हात फिरवला तर खडूच्या पाटीसारखं लागतं. नख ओढायचं. नखात मेणाचा बारीक वळसा आला तर अजून जीव आहे. नुसती पांढरी रेघ उठली तर बूड उपाशी आहे. पाण्याचा थेंब टाकायचा. नीट बूड त्याला गोळा ठेवतं, फळी कलती केली की थेंब घरंगळतो. सुकलेल्या बुडावर तो पसरतो आणि बसून राहतो.

सुकणं मात्र सोपं दुखणं. ते इस्तरीनं भागतं. वाईट काय, तर चीर. दगडावरून फळी गेली की बुडाला खोल चीर पडते, आणि ती इतकी खोल गेली की आतलं लाकूड दिसायला लागतं, तर ती फळी बाजूला ठेवायची. तिला मेण लावून भागत नाही. आत पाणी शिरतं, रातच्याला गोठतं, फुगतं, आणि आतल्या आत थर सुटत जातात. वरून काही कळत नाही. आणि अशी फळी सपाटीवर दगा देत नाही. ती दगा देते वेगात, वळणावर, जिथं माणूस सगळा भार तिच्यावर टाकतो.

नेगीजी कुठलीही फळी हातात आली की आधी उलटी करायचे. पर्यटक भाड्याचे पैसे देत असायचा, लाल-निळी नक्षी निरखत असायचा, आणि हे आपले बुडावर बोट फिरवत. मला गंमत वाटायची. आमच्याकडं असं कुणी केलं तर भांडण होईल.

खरंच होईल. माझ्याकडं आहेराच्या साड्या फॉल लावायला येतात. नवी कोरी साडी, आणि उलगडून बघावी तर पदराला डाग. काठाशी विरलेलं. मी विचारते, घेताना बघितली न्हाई का? तर बाया म्हणतात, "अवो, आहेर हाय. देणाऱ्यासमोर कशी उलगडावी?" मानानं दिलेली वस्तू देणाऱ्यासमोर उलटून पाहायची नाही. हातात घ्यायची, डोक्याला लावायची, बगलेत मारायची. डाग घरी सापडला तर पदर असा खोचायचा की तो आत जाईल. मीसुद्धा अशीच वाढले. जावयाला दिलेली घोंगडी असो की पाहुण्यानं आणलेली केळी असोत, बघणं म्हणजे अविश्वास. त्यावर आम्ही एक शब्द शोधून ठेवलाय: धकतंय. साडी कशी आहे? धकतंय. पत्रा गळतोय का? धकतंय. तब्येत? धकतंय. एवढ्याशा शब्दात आम्ही अख्खं आयुष्य ढकलत नेतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

त्या हिवाळ्यात एका सुटीच्या दिवशी हे वरून खाली आले ते खांद्यावर फळ्या घेऊन. छावणीत इस्तरीला रांग लागली होती, म्हणून नेगीजींकडं मेण लावून घेऊ म्हणाले. दोन दिवसांनी डोंगराच्या वरच्या धारेवरून खाली यायची परीक्षा होती. पास झाले तर पुढल्या वर्षी शिकवणाऱ्यांत घेणार होते. मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला माणूस, बर्फावर दुसऱ्याला शिकवणार. यांच्या चेहऱ्यावर ते सारखं दिसायचं, सांगत मात्र नव्हते.

मी फळी उलटी केली. कडेनं पांढरं होतंच. पण बूट अडकवतात त्याच्या जरा मागं बोट अडकलं. बघते तर चीर, आणि चिरेत पिवळट लाकूड.

"ही कुणी दिली?"

"स्टोअरातनं. काल."

"देताना बघितली न्हाई?"

हे माझ्याकडं असं बघायला लागले, जसं काही मी वंगाळ बोलले. "त्यो मानूस मानानं काढून देऊन राहिला, अन् म्या त्याच्या तोंडासमोर उलटी करून बघू? गावाला नावं ठेवतील."

"मग आता परत करा. सांगा चीर हाय."

"आता परत कशी करावी? म्हनतील, न्यायच्या येळी डोळे कुठं होते. धकतंय गं. दोनच दिस तर हायेत."

नेगीजी बाहेरगावी गेलेले होते. मी बोलत राहिले, आणि ह्यांनी माझ्या देखत पिशवीतून करडीच्या तेलाची बाटली काढली. म्हणाले, गाडीच्या आखाला तेल चालतं, वहाणेला चालतं, बैलाच्या शिंगाला चालतं, हिला काहून चालना? आणि चिंधी बुडवून बुडावर तेल चोळलं. चिरेतही चोळलं. फळी काळीभोर झाली, चमकायला लागली. मला म्हणाले, "बघ." मी आशूला उचललं आणि वर खोलीत निघून गेले. इतका राग आला होता की खाली आलेच नाही. हे दारातूनच "येतो" म्हणाले आणि गेले.

पुढं काय झालं ते मला त्यांच्या सोबत्यांनी सांगितलं, यांनी आजवर सांगितलेलं नाही. तेलानं सुरुवातीला पळाली म्हणे फळी. मग तेलाला कचरा धरला, बर्फ चिकटायला लागला, एक फळी धावतेय, एक ओढतेय. आणि शेवटच्या वळणावर बूड चिरेपासून उचकटलं. पाय बुटात, बूट फळीत, फळी जागच्या जागी, आणि माणूस पुढं. गुडघा आतून फिरला. दवाखान्यात मी गेले तेव्हा हे छताकडं बघत होते. मी विचारलं, लई दुखतंय का?

"धकतंय," हे म्हणाले.

तेच उत्तर आजतागायत आहे. त्यानंतर बर्फाचं नाव नाही. कारकुनी कामावर बाकीची नोकरी निघाली, पेन्शन घेऊन गावी आले, वडलांची मेंढरं सांभाळायला लागले. चालताना डावा पाय जरा फेकून टाकतात. थंडीत गुडघा सुजतो. तेल ते स्वतःच लावतात, भिंतीकडं तोंड करून, धोतर जरासंच वर घेऊन. मी पुढं झाले की धोतर खाली. एवढा संसार झाला, पण दिवसाच्या उजेडात तो गुडघा मी धड बघितलेला नाही.

यंदा पौषात थंडी वाढली तसा आशूचा फोन कमी झाला. नेटवर्क एका खडकापाशीच मिळतं म्हणे. त्या दिवशी दिवेलागणीला फोन आला. मी ब्लाउजला काजं करत होते, हे चुलीपाशी बसले होते, कुत्रं दारात. मी आवाज मोठा केला की ह्यांनाही ऐकू यावं.

"माय, उद्या वरच्या धारेवरनं उतरायचंय. सगळी तुकडी. यातनं जे निघतील त्यांना कायमचं बर्फाच्या टोळीत घेणार हायेत."

"बरं. अन् फळ्या?"

"आधीच्या गेल्या दुसऱ्याला. ह्या परवा दिल्या स्टोअरातनं."

"कशा हायेत?"

"धकतंय की."

माझ्या हातातलं काज तिथंच राहिलं. ह्यांच्याकडं बघायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, बुडाचा फोटो काढ आणि पाठव.

फळी खडकापाशी आणून फोटो काढायला आणि तो यायला बराच वेळ लागला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. आला तेव्हा मी फोन दिव्याजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून बघितला. कडेनं पांढरं दिसत होतं. पण ते खरंच सुकलेलं आहे की उजेड पडलाय, हे कळेना. कापडाचं पोत फोटोत कळत नाही, तसंच हे. माझी सगळी विद्या बोटात, आणि बोटं साखऱ्यात.

पुन्हा फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"आशे, नख ओढ."

"ओढलं. पांढरी रेघ आली."

"रेघ येऊ दे, त्याला इस्तरी हाय. आता बोट फिरव. अख्ख्या फळीवरनं, सावकाश. बूट अडकवतात तिथं जास्त."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ती हातमोजा काढत असणार, मला तिची बोटं दिसत होती, लहानपणी पाटीवर फिरवायची ती.

"इथं अडकतंय, माय."

"कुठं?"

"बुटाच्या जरा मागं. बारीक हाय."

"थेंब टाक. पाण्याचा."

चुलीतलं लाकूड तेवढं तडतडत होतं.

"थेंब ऱ्हाईना," ती म्हणाली. "आत जाऊन ऱ्हाईला."

तीच जागा. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या डोंगरावर, दुसऱ्या फळीवर तीच जागा. मी म्हटलं, ही फळी परत कर. आत्ता जा आणि दुसरी माग.

"आता कशी मागू?" तिचा आवाज बारीक झाला. "माय, तुला कळत न्हाई. तुकडीत पोरी दोघीच आमी. आधीच बघत असतेत सगळे, कधी कच खातील म्हनून. रातीला जाऊन फळी बदलून द्या म्हटलं तर शिकवणारे उस्ताद म्हनतील, पोरगी भ्याली. नाव कटंल माझं. अन् घेताना म्याच बघितली न्हाई. उस्तादांनी सोता इतक्या आपुलकीनं काढून दिली, त्यांच्यासमोर कशी उलटी करावी? आपल्यात करतेत का असं?"

रागवावं तर ते शिकवलंय मीच. आहेर डोक्याला लावायचा, हे तिला कुणी शिकवलं? मीच. मी तिला इस्तरी शिकवली, काजं शिकवली, नख ओढायला शिकवलं, आणि लाजही मीच शिकवली. एकाच हातानं. मी नुसतं "आशे, आशे" करत राहिले.

तेवढ्यात माझ्या हातातून फोन गेला. हे कधी उठून आले मला कळलं नाही. हे फोनवर कधी बोलत नाहीत. लेक विचारते "अण्णा कसेत?" आणि हे लांबूनच मान हलवतात, ती मान मी तिला सांगायची, असा आमचा रिवाज. त्यांनी फोन कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"आशू. अण्णा बोलतोय."

दुसरा हात त्यांनी भिंतीला टेकवला.

"म्या मागितली न्हवती," हे म्हणाले. "मला लाज वाटली. तुझी माय सांगत होती, म्या ऐकलं न्हाई. तेल लावलं वरनं." हात गुडघ्याकडं गेला. "पाय गेला त्याचं दुःख न्हाई पोरी. पर त्या मानसाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यानं चांगली फळी दिली अन् मलाच उतरता येईना. माझ्या कागदावर तसंच लिव्हलं गेलं. तू जा. फळी त्याच्यासमोर ठेव, उलटी कर, बोट लावून दाखव. भ्याली म्हनू दे. नाव कटलं तर कटू दे. हितं मेंढरं हायेत, मशीन हाय. पर उलटी करून दाखव."

पलीकडून काही ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. हे म्हणाले, "कटला वाटतं," आणि फोन माझ्या हातात दिला. मग जाऊन पुन्हा चुलीपाशी बसले. भाकर वाढली ती अर्धी तशीच राहिली.

सकाळ झाली. तुरीची कापणी आली होती, गावात कुणालाच सवड नव्हती, आणि माझ्याकडं लग्नाचे ब्लाउज पडले होते. मी मशीनवर बसले. एका बाहीला दोनदा उलटी शिलाई मारली. उसवली, पुन्हा मारली. फोन मशीनच्या डोक्यावर ठेवलेला. आजूबाजूच्या बाया हरभऱ्याचं आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, टिपून परतत होत्या, ओलं फडकं खांद्यावर, त्यातली एक दारातून म्हणाली, "काय गं, आज बोलना झालीस?" मी म्हटलं, काम आहे. तिला कसं सांगणार की इथून दिसत नाही अशा एका उतारावर माझी लेक उभी आहे की नाही, आणि उभी असली तर कुठल्या फळीवर, एवढंच मला हवंय.

हे मेंढरं घेऊन गेले नाहीत. असं कधी होत नाही. मेंढरं वाडग्यातच ओरडत राहिली, आणि हे ओसरीत बसून एकाच दोरीला पीळ देत राहिले. उन्हं ओसरीतून सरकत दारापर्यंत आली. 

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. माझ्या हातून तो सुईखाली पडला. ह्यांनी उचलला. ह्यांनीच आवाज मोठा केला, मला वाटतं पहिल्यांदाच.

"अण्णा, उतरले."

ती बोलत राहिली, धापा टाकत. रात्रीच गेली होती म्हणे. उस्ताद चिडले. चिडून फळी हातात घेतली, दिव्याखाली धरली, बोट घातलं. मग ती बाजूला ठेवून दुसरी दिली. सकाळी सगळ्या तुकडीला फळ्या उलट्या धरून रांगेत उभं केलं, आणि एकेक बघितली. तिला सगळ्यात शेवटी सोडलं. टोळीत घेतील की नाही अजून सांगितलेलं नाही. "न्हाई बी घेतील," ती म्हणाली. "पर अण्णा, मी त्यांच्यासमोरच उलटी केली. बोट लावून दाखवलं."

"व्हय?" हे म्हणाले. "त्याच्यासमोर?"

"व्हय. त्यांच्यासमोर."

फोन कटला. हे ओसरीत बसून राहिले. मी कोनाड्यातून तेलाची बाटली आणली आणि नेहमीसारखी त्यांच्याजवळ ठेवून मागं वळले, कारण आता ते भिंतीकडं तोंड करणार, हे मला ठाऊक. पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. पाय लांब केला, उन्हात. धोतर मांडीपर्यंत वर घेतलं. गुडघा एका बाजूनं सुजून चकचकीत झाला होता, आणि बाजूची कातडी सुकून पांढरी पडली होती. मी खाली बसले. नख ओढायची गरज नव्हती.

"कसंय?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "दुखतंय," म्हणाले. "लई दुखतंय गं. पहिल्यापासनं."

मी बाटलीचं बूच काढलं आणि तळहातावर तेल घेतलं.